शून्य डाउन पेमेंट आणि आठ डॉलर

आमच्या घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, झालं तेव्हा वकिलाने कागदांचा जो गठ्ठा हातात दिला त्यात अगदी तळाशी एका जुन्या, टाइपरायटरवर टाइप केलेल्या कागदाची झेरॉक्स होती. घर १९४८ सालचं, अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या मधल्या भागातलं, तीन बेडरूमचं. नवरा म्हणत होता अगं राहू दे, सह्या कर आणि चल, पण मला मेलं कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. तर त्यात एक कलम होतं की या जागेत कॉकेशियन वंशाच्या माणसांखेरीज कुणालाही राहता येणार नाही, घरकामाला ठेवलेले दुसऱ्या वंशाचे नोकर मात्र चालतील. वकील म्हणाला की याला आता काही अर्थ नाही, असल्या अटी कोर्टातून लागू करून घेता येणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्येच सांगितलंय आणि १९६८ च्या कायद्याने तर हा सगळा प्रकारच बेकायदेशीर झाला. बरोबर आहे त्याचं. पण माझं बोट त्या ओळीवरच होतं, कारण त्या ओळीप्रमाणे ज्या स्वयंपाकघरात मी आता रोज पोळ्या करते तिथे मला फक्त भांडी घासायला येता आलं असतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या टाउनशिपमध्ये परवडणाऱ्या घरांचा वाद पेटलाय. हायवेजवळच्या रिकाम्या जागेवर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अपार्टमेंट्स बांधायचा प्रस्ताव आहे आणि त्याला विरोध करणाऱ्या पिटिशनवर आपल्या लोकांच्या सह्या भराभर पडतायत. गणपतीच्या जेवणाला एक काका, पंचाहत्तरी पार केलेले, आम्ही नवीन आलो तेव्हा ज्यांनी आम्हाला पहिली गाडी घ्यायला मदत केली असे, मला म्हणाले, "अगं, आम्ही खिशात आठ डॉलर घेऊन आलो होतो, कुणी आम्हाला घर दिलं? कष्ट केले, पै पै साठवली, घेतलं. ह्या लोकांना का जमत नाही?" काकांचे कष्ट मी नाकारत नाही. पण हे वाक्य मला अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते एकदा नीट मांडायचंय, कारण हे वाक्य काकांचं नाहीच मुळी, ते त्यांच्या आधी या गल्ल्यांमध्ये राहून गेलेल्या गोऱ्या अमेरिकेचं वाक्य आहे आणि तिच्या तोंडीसुद्धा ते खरं नव्हतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हाची परिस्थिती आठवा. मंदीची दहा वर्षं आणि युद्धाची चार-पाच वर्षं घरं फारच कमी बांधली गेली होती. दीड कोटीच्या आसपास माणसं सैन्यातून परत येतायत, लग्नं धडाधड होतायत आणि नवी जोडपी आईबापांकडे एका खोलीत नाहीतर पत्र्याच्या लष्करी बराकीत राहतायत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर हेम्पस्टेड टाउनच्या हद्दीत बटाट्याची शेतं होती, ती लेव्हिट अँड सन्स या कंपनीने घेतली आणि १९४७ मध्ये तिथे घरं बांधायला काढली, तेच लेव्हिटाउन. बांधायची पद्धत मोटारीच्या कारखान्यासारखी पण उलटी, म्हणजे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकतायत, एक टोळी फक्त काँक्रीटचा स्लॅब टाकणार, एक फक्त फरशी, एक फक्त रंग, अशा सत्तावीस पायऱ्या, आणि जोरात काम चालायचं तेव्हा दिवसाला तीस-तीस घरं उभी राहायची. साडेसातशे स्क्वेअर फुटांचं घर, दोन बेडरूम, वर माळा, स्लॅबमध्येच गरम पाण्याचे पाइप टाकून हीटिंग, स्वयंपाकघरात फ्रिज आणि कपडे धुवायचं मशीन आधीच बसवलेलं. चार वर्षांत तिथे सतरा हजारांवर घरं झाली. नियमही होते, लॉन आठवड्याला कापलंच पाहिजे, कुंपण घालायचं नाही, शनिवार-रविवार बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत.

ह्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तळघराचा किस्सा. हेम्पस्टेडच्या बिल्डिंग कोडप्रमाणे घराला तळघर हवंच होतं. लेव्हिटला तळघर न काढता नुसत्या स्लॅबवर स्वस्तात घर उभं करायचं होतं. तर टाउन बोर्डाच्या मीटिंगला शेकड्यांनी माजी सैनिक आणि त्यांच्या बायका येऊन बसल्या, हॉल गच्च भरला, आणि बोर्डाने कोड बदललं. म्हणजे ज्यांना आज आपण शिस्तीचे, नियम पाळणारे, स्वतःच्या पायावर उभे राहिलेले मध्यमवर्गीय म्हणतो त्यांना परवडणारी घरं हवी होती, स्थानिक नियम आड येत होते, त्यांनी जाऊन नियम बदलून घेतले. चांगलंच केलं. माझी तक्रार त्यावर नाहीच आहे.

आणि पैसा कुठून आला? १९३० च्या आधी अमेरिकेत घरासाठी कर्ज म्हणजे निम्मी रक्कम आधी भरा, उरलेली पाच-दहा वर्षांत फेडा, शेवटी एकरकमी मोठा हप्ता, सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेरचं काम. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आलं आणि सरकारने बँकेला सांगितलं की कर्ज बुडालं तर आम्ही आहोत. मग हप्ते वीस-पंचवीस-तीस वर्षांवर गेले, व्याज उतरलं. १९४४ मध्ये जीआय बिल आलं, त्यात माजी सैनिकाच्या गृहकर्जाला सरकारची हमी, म्हणजे पुष्कळांना डाउन पेमेंट, घर घेताना आधी भरायची रक्कम, शून्य. १९४९ मध्ये लेव्हिटाउनचं रँच मॉडेल ७,९९० डॉलरला मिळत होतं आणि सैनिकाला त्यासाठी खिशातून जवळजवळ काहीच काढावं लागत नव्हतं, महिन्याचा हप्ता शहरातल्या भाड्याइतका किंवा त्याहून कमी. लेव्हिटलासुद्धा वीट रचायच्या आधीच सरकारी हमीच्या जोरावर पैसा उभा करता येत होता. त्यात व्याजावर टॅक्सची सूट, आणि १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवरने सही केलेला हायवेचा कायदा, ४१,००० मैल रस्ते, ९० टक्के खर्च केंद्र सरकारचा, म्हणून तर बटाट्याच्या शेतातून शहरातल्या नोकरीला रोज जाता आलं. १९४० मध्ये ४४ टक्के कुटुंबांकडे स्वतःचं घर होतं, १९६० मध्ये ६२ टक्के. वीस वर्षांत एवढी उडी कुणाच्या एकट्याच्या काटकसरीतून येत नसते. इतका मोठा सरकारी कार्यक्रम झाला आणि त्याच्या लाभार्थ्यांना आपण लाभार्थी आहोत हेच जाणवलं नाही, कारण पैसा थेट हातात न येता बँकेच्या हप्त्याच्या रूपात आला आणि हप्ता तर आपणच भरत होतो ना, मग घर आपल्या हिमतीवरचं.

हाच समज पुढे राजकारणाचा पाया झाला. १९५९ च्या जुलैमध्ये मॉस्कोच्या सोकोलनिकी पार्कमध्ये अमेरिकन प्रदर्शन होतं, तिथे लाँग आयलंडच्या घराचा नमुना उभा केला होता, लोकांना आत बघता यावं म्हणून मधून कापलेला. त्याच्या पिवळ्याधमक स्वयंपाकघरापाशी उभे राहून अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना सांगत होते की हे १४,००० डॉलरचं घर आमचा कुठलाही स्टील कामगार घेऊ शकतो. आणि स्टील कामगार त्याच दिवसांत संपावर होते, निक्सननी स्वतःच तिथे ते बोलून दाखवलं! पाच लाख कामगार जुलैच्या मध्यापासून काम बंद करून बसले होते. त्या कामगाराला महिना शंभर डॉलरचा हप्ता परवडत होता तो युनियनने भांडून मिळवलेल्या पगारामुळे आणि पंचवीस-तीस वर्षांच्या मुदतीच्या कर्जामुळे. पण मॉस्कोत ते घर दाखवलं गेलं मुक्त बाजारपेठेचं फळ म्हणून. निक्सन असंही म्हणाले की हे सगळं बायकांचं आयुष्य सोपं करण्यासाठी आहे. युद्धात बायका कारखान्यात होत्या तेव्हा सरकारने मुलांसाठी पाळणाघरं चालवली होती, ती १९४६ मध्ये बंद केली, बायकांना घरी पाठवलं, आणि १९७४ चा कायदा येईपर्यंत बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःच्या नावावर क्रेडिट मिळणं दुरापास्त होतं. म्हणजे ज्या स्वयंपाकघराचा एवढा अभिमान ते तिच्या नावावर नव्हतंच. हा विषय खरं तर वेगळ्या लेखाचा आहे.

आता त्या ओळीकडे येते. लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या भाडेकरारात माझ्या कागदातल्यासारखंच कलम होतं. विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू, त्याचं म्हणणं असं की मी घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही एकत्र नाही, काळ्या कुटुंबाला विकलं तर नव्वद-पंच्याण्णव टक्के गोरे गिऱ्हाईक येणारच नाही. पण ही फक्त बिल्डरची मर्जी होती असं समजू नका. फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेतच लिहिलेलं होतं की वस्ती स्थिर राहायची तर घरांत त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाची माणसं राहिली पाहिजेत. त्याआधी सरकारच्याच दुसऱ्या एका खात्याने शहरांचे नकाशे रंगवले होते, हिरवा, निळा, पिवळा, लाल, हिरवा म्हणजे कर्जाला सगळ्यात सुरक्षित आणि लाल म्हणजे सगळ्यात धोक्याचा, आणि काळी वस्ती असली की जवळजवळ हमखास लाल. अशा वस्तीत सरकारी हमीचं कर्ज मिळणं मुश्कील आणि हमीच्या कर्जाने बांधलेल्या नव्या वस्तीत काळ्या माणसाला प्रवेश नाही. जीआय बिलात कागदावर वंशाचा भेद नव्हता, पण अंमलबजावणी स्थानिक ऑफिसांच्या आणि स्थानिक बँकांच्या हातात ठेवली, तीही दक्षिणेतल्या राज्यांच्या खासदारांच्या आग्रहाने. १९४७ मधला मिसिसिपीचा आकडा आहे, माजी सैनिकांना मिळालेली सरकारी हमीची कर्जं ३,२२९, त्यातली काळ्या सैनिकांना मिळाली दोन. दोन टक्के नाही, दोन.

आणि पैसे असले, पगार असला, सैन्यात नोकरी केलेली असली तरी काय व्हायचं ते १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात लेव्हिटनेच बांधलेल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये दिसलं, आमच्या घरापासून गाडीने तासाच्या आत आहे ते. बिल मायर्स, काळा, महायुद्धात सैन्यात होता, त्याची बायको डेझी, तीन लेकरं, धाकटी तर तान्ही. आधीच्या मालकाकडून त्यांनी डीपग्रीन लेनवर घर विकत घेतलं. बातमी फुटली आणि संध्याकाळपर्यंत घरासमोर शेकडो माणसं जमली, दगड आले, काचा फुटल्या, रात्रीमागून रात्री जमाव, राज्याच्या गव्हर्नरला स्टेट पोलीस पाठवावे लागले. मग मागच्या बाजूचं घर काही लोकांनी अड्डा म्हणून वापरायला घेतलं, त्यावर गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा झेंडा लावला आणि मायर्स कुटुंबाला ऐकू जाईल अशी मोठ्याने गाणी लावायला सुरुवात केली. शेजारचं वेक्सलर कुटुंब त्यांच्या बाजूने उभं राहिलं तर त्यांनाही धमक्या. शेवटी राज्य सरकारने कोर्टात जाऊन मनाईहुकूम आणला तेव्हा ते थांबलं. मी त्या गल्लीत मुद्दाम गाडी घेऊन गेले होते. अगदी साधी गल्ली आहे, लहान घरं, पुढे गवत, एकजण पोराला सायकल शिकवत होता. दगड मारायला जमलेली माणसंही अशीच असणार, कारखान्यातून घरी आलेली, जेवून बाहेर पडलेली. त्यांना मनापासून वाटत होतं की आम्ही कष्टाने घेतलेल्या घराची किंमत पडेल.

आणि हे फक्त काळ्यांचं होतं असं नाही. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साउथ सॅन फ्रान्सिस्को गावात सिंग शेंग नावाच्या चिनी गृहस्थाने साउथवुड भागात घर घ्यायचं ठरवलं, शेजाऱ्यांचा विरोध झाला तेव्हा त्याने लोकशाहीवर विश्वास ठेवून म्हटलं की मतदान घ्या. घेतलं. विरोधात १७४, बाजूने २८. आपल्याला तर १९२३ मध्येच सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही असं सांगितलं होतं, आणि १९४६ मध्ये इमिग्रेशनचं दार किलकिलं केलं तेव्हा अख्ख्या भारताला वर्षाला कोटा होता १०० माणसांचा. शंभर! आपल्या एका मंडळाच्या दिवाळीला याच्या दुप्पट माणसं असतात.

मग काका कसे आले? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आले, ज्याने वंशावर आणि मूळ देशावर आधारलेला कोटा काढून शिकलेल्या माणसांना जागा दिली. तो कायदा ज्या वातावरणात झाला ते वातावरण सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे काळ्यांच्या समान हक्कांच्या चळवळीने तयार केलं होतं, १९६४ चा भेदभावाविरुद्धचा कायदा, १९६५ चा मतदानाचा कायदा आणि त्याच वर्षी हा. आणि मनाला येईल त्या सबर्बमध्ये घर घेता येण्याचा कायदा १९६८ च्या एप्रिलमध्ये झाला, मार्टिन ल्युथर किंग यांचा खून झाल्यावर एका आठवड्याने. काका १९७१ मध्ये आले. त्यांच्यासाठी दार तीन वर्षं आधी उघडलं गेलं होतं आणि ते उघडणाऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले, जीव दिले.

आठ डॉलरचंही तेच. आठ डॉलर खरे आहेत, परकीय चलनाचा तो नियमच होता तेव्हा. पण काकांच्या खिशात आठ डॉलर होते आणि डोक्यात पुण्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजची पाच वर्षं होती, जिची फी आज सांगितली तर पोरं हसतील. तो खर्च कुणी केला? महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने आणि गिरणी कामगाराने टॅक्स भरून केला. काकांचं डाउन पेमेंट पण कुणीतरी दुसऱ्यानेच भरलं होतं, लेव्हिटाउनच्या सैनिकासारखंच. मला हे सांगताना काकांना कमी लेखायचं नाहीये, माझं शिक्षणही तसंच झालंय आणि मला त्याची लाज वाटत नाही. कुणाचंही आयुष्य असंच उभं राहतं. फक्त आपण एकटे उभे राहिलो असं म्हणून दुसऱ्याच्या पायाखालची फळी काढून घ्यायची हे मला सहन होत नाही.

आणि मराठी माणसाने तर हे म्हणूच नये. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं, संयुक्त राष्ट्रांकडे काळ्या अमेरिकनांची जी याचिका जात होती तिच्या प्रती मागवायला, आणि त्यात म्हटलं होतं की भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की निग्रोंच्या स्थितीचा अभ्यास करणं केवळ साहजिक नव्हे तर गरजेचं आहे. ते न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले, परत गेले, बडोद्याला नोकरीला लागले आणि तिथे त्यांना राहायला खोली मिळेना, परदेशातल्या डिग्र्या असूनही. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. मग डीपग्रीन लेनवरचे दगड आपल्याला परके कसे वाटतात?

न्यू जर्सीचं म्हणाल तर इथेही लेव्हिटने तिसरं लेव्हिटाउन बांधलं होतं, आजचं विलिंगबरो. तिथे काळ्या कुटुंबांना घर नाकारलं तेव्हा राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये सांगितलं की सरकारी हमीच्या पैशावर बांधता ना, मग भेदभाव चालणार नाही. पुढे सबर्ब्सनी भाषा बदलली. वंशाचं नाव घेणं बंद झालं आणि झोनिंग आलं, एवढ्या एकरात एकच घर, अपार्टमेंटला परवानगी नाही, वगैरे. माउंट लॉरेलमध्ये एथेल लॉरेन्स नावाची बाई होती, जिचं घराणं पिढ्यान्पिढ्या त्या गावातलं, तिच्या लोकांसाठी छत्तीस अपार्टमेंट्स बांधू द्या एवढीच मागणी होती आणि गावाने नाही म्हटलं. केस कोर्टात गेली, १९७५ मध्ये निकाल लागला की वाढत असलेल्या प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे, १९८३ मध्ये कोर्टाने तो आणखी कडक केला, आणि प्रत्यक्षात तिच्या नावाची घरं उभी राहिली २००० साली, ती गेल्यावर. प्रिन्स्टनच्या समाजशास्त्रज्ञांनी नंतर तिथे अभ्यास केला, आजूबाजूच्या वस्तीत गुन्हे वाढले नाहीत, घरांच्या किमती पडल्या नाहीत, टॅक्स चढला नाही. जी भीती आमच्या पिटिशनमध्ये लिहिली आहे तीच सगळी भीती तिथे होती आणि त्यातलं काही झालं नाही.

लाँग आयलंडवरची ती ७,९९० डॉलरची घरं आज सहा लाखांच्या पुढे जातात. त्यातून मुलांची कॉलेजं झाली, म्हातारपणं निघाली, नातवंडांना डाउन पेमेंट मिळालं. ज्यांना १९४९ मध्ये दारातून परत पाठवलं त्यांच्या नातवंडांकडे ती साखळीच नाही, आणि आमच्या हायवेजवळच्या अपार्टमेंटसाठी अर्ज करणाऱ्यांत अशी नातवंडं असणार, शिवाय आपल्याच मुलांना शाळेत शिकवणारे असिस्टंट, नर्सिंग होममध्ये आपल्या सासूबाईंना अंघोळ घालणाऱ्या बायका. त्यांना कुणी शून्य डाउन पेमेंटचं घर देत नाहीये, नुसतं भाड्याने राहायला परवानगी मागतायत.

मंगळवारी प्लॅनिंग बोर्डाची मीटिंग आहे. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मी नाव दिलंय, आणि माझ्या घराचा तो टाइप केलेला कागद घेऊन जाणार आहे, ते कलम वाचून दाखवणार आणि मग हेम्पस्टेडच्या गच्च भरलेल्या हॉलबद्दल सांगणार, बसलं तीन मिनिटांत तर. काकांनाही फोन केला होता. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले येतो, पण मी बोलणार नाही हां, नुसता बसेन. मी म्हटलं या काका, खुर्ची धरून ठेवते.